चरित्रपाठ : बचावफळीतील वेंडी रेनार

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

चरित्रपाठांची निवड करताना आपले लक्ष सहसा संत, राजे, देशभक्त आणि शास्त्रज्ञ यांच्याकडे जाते, व ते योग्यच आहे. खेळाडूंची चरित्रे त्या मानाने थोडी. आणि जी आहेत ती बहुतेक धावा काढणाऱ्यांची किंवा गोल करणाऱ्यांची. ज्याचे काम काही घडवून आणण्याचे नसून काही घडू न देण्याचे आहे, अशा खेळाडूविषयी मुलांना क्वचितच सांगितले जाते. प्रस्तुत पाठ अशाच एका खेळाडूचा आहे. वेंडी रेनार या फ्रान्सच्या महिला फुटबॉल संघातील बचावपटू. शिक्षकबंधुभगिनींनी वर्गात घेण्यापूर्वी हा पाठ स्वतः एकदा सावकाश वाचावा. कारण या चरित्रात एका शाळेचाही लहानसा प्रसंग आहे, आणि तो विद्यार्थ्यांपेक्षा आपणांसच अधिक विचार करावयास लावणारा आहे.

पाठाचा आरंभ नकाशापासून करावा. वेस्ट इंडीज हे नाव आपल्या मुलांना क्रिकेटमुळे परिचित असते. त्या बेटांच्या माळेत उत्तरेस डॉमिनिका आणि दक्षिणेस सेंट लुसिया ही दोन बेटे दाखवून त्यांच्या मधोमध असलेल्या मार्टिनिक बेटावर बोट ठेवावे. हे बेट सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढे. त्याचे शेजारी क्रिकेट खेळतात. मार्टिनिक मात्र फ्रान्सचा भाग असल्याने तेथे फुटबॉलचे वेड. पॅरिस तेथून सुमारे सात हजार किलोमीटर दूर, मध्ये सारा अटलांटिक महासागर. राज्यकारभार एका खंडावरून आणि घरे दुसऱ्या खंडाजवळ, ही गोष्ट मुलांना प्रथम चमत्कारिक वाटेल. ती नीट समजल्यावाचून पुढील कथेतील अंतराचे महत्त्व ध्यानी येणार नाही. म्हणून येथे घाई करू नये.

बेटाच्या उत्तर टोकास माउंट पेली हा ज्वालामुखी आहे. ८ मे १९०२ रोजी त्याच्या उद्रेकाने सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत भस्मसात झाले आणि सुमारे अठ्ठावीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूगोलाच्या तासाला ज्वालामुखी शिकविताना हे उदाहरण पुन्हा उपयोगी पडेल. त्याच पर्वताच्या पायथ्याशी समुद्राकाठी ल प्रेशेर नावाचे लहानसे गाव आहे. वेंडीचा जन्म २० जुलै १९९० रोजी मार्टिनिकमध्ये झाला आणि तिचे बालपण या गावी गेले. ती आठ वर्षांची असताना फुफ्फुसाच्या कर्करोगाने तिचे वडील वारले. पुढे तिने आत्मचरित्र लिहिले, त्यास ‘माझा तारा’ अशा अर्थाचे नाव दिले.

गावात मुलींचा निराळा संघ नव्हता. ती मुलांबरोबरच खेळे. गावच्या संघातून, मग बेटाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरील ल लोरँ या गावच्या संघातून ती खेळली.

आता शाळेचा तो प्रसंग. मोठेपणी तुम्ही कोण होणार, असा प्रश्न वर्गात विचारला गेला. हा प्रश्न आपणही दरवर्षी विचारतो. वेंडीने व्यावसायिक फुटबॉलपटू होणार असे लिहिले. त्यावर, असा व्यवसायच नाही, असे तिला शिक्षकांकडून सांगण्यात आले. ही आठवण रेनार यांनी मोठेपणी जाहीरपणे सांगितली आहे.

या उत्तराचा विचार रागाने करू नये. ते उत्तर देणाऱ्या व्यक्तीने मुलीस खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही. वेंडी जन्मली तेव्हा महिलांचा एकही विश्वचषक झालेला नव्हता. पहिला चीनमध्ये १९९१ साली झाला. ऑलिंपिकमध्ये महिलांचा फुटबॉल १९९६ साली आला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ साली आपल्या अखत्यारीतील मैदाने महिलांना बंद केली होती, व ही बंदी सुमारे अर्धशतक टिकली. फ्रान्सच्या महासंघाने महिलांच्या फुटबॉलला मान्यता दिली ती १९७० साली. महिला खेळाडूंना रीतसर करार करून वेतन देण्याची पद्धत तेथे सुरू झाली २००९ च्या सुमारास. म्हणजे ज्या दिवशी वेंडीने ते शब्द लिहिले, त्या दिवशी तिच्या देशात तो व्यवसाय खरोखरच नव्हता. शिक्षकांची माहिती बरोबर होती. परंतु विद्यार्थिनी आठ-दहा वर्षांची होती, आणि तिला त्या व्यवसायाची गरज पडणार होती ती आणखी दहा वर्षांनी. बालकाच्या भवितव्याविषयी बोलताना आपण आजचे कोष्टक पुढे ठेवतो आणि त्यावरून उद्याचे गणित सोडवितो. आमच्या मते या चरित्रात शिक्षकांनी सर्वांत अधिक वेळ थांबावे असे स्थळ हेच.

पुढील टप्पा नकाराचा आहे. २००६ साली वेंडी चाचणीसाठी अटलांटिक ओलांडून पॅरिसजवळच्या क्लेरफोंतेन येथे गेली. फ्रान्सच्या राष्ट्रीय फुटबॉलचे प्रशिक्षणकेंद्र तेथे आहे. तिची निवड झाली नाही. सात हजार किलोमीटर जाऊन रिकाम्या हाताने परतावयाचे, अशी वेळ आली. परंतु मार्टिनिकमधील ज्या फुटबॉल प्रशिक्षकांनी तिचे गुण हेरले होते, त्यांनी ल्यों शहरातील महिला संघाचे प्रशिक्षक फरीद बेनस्तिती यांच्याकडे शब्द टाकला. तिने घरचे विमान धरण्याऐवजी ल्योंची आगगाडी धरली. तेथे पुन्हा चाचणी झाली, आणि तेथे तिला ठेवून घेण्यात आले. सोळा वर्षांची मुलगी. आई, भाषेची बेटावरील धाटणी, ऊन, समुद्र, सारे मागे राहिले. ल्यों हे ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावरील जुने शहर, एके काळी रेशमासाठी प्रसिद्ध. तेथील हिवाळा तिला जड गेला असेल, हे मुलांना सांगावे लागणार नाही. नकाशावरील अक्षांश त्यांना दाखविले म्हणजे ती आपण होऊन सांगतील.

येथे बचावपटूचे कार्य समजावून देणे अवश्य आहे. ते फळ्यावर न करता पटांगणात करावे. फक्कीने एक आयत आखून त्याच्या एका टोकास दोन दगड ठेवावेत, तोच गोल. गोलाच्या आत गोलरक्षक, त्याच्या पुढे एका ओळीत चार मुले किंवा मुली उभ्या कराव्यात. हीच बचावफळी. आपल्या आट्यापाट्यांच्या खेळात पाटी धरणारा गडी जसा आपल्या पाटीवरून सरकत वाट अडवितो, तशीच ही ओळ सरकते. फरक एवढाच की येथे पाटी जमिनीवर आखलेली नसते, ती चौघींच्या मनात असते आणि चेंडूबरोबर पुढेमागे होते. फुटबॉलमध्ये ऑफसाइड नावाचा नियम आहे. सहकाऱ्याकडून चेंडू मारला जाण्याच्या क्षणी आक्रमक खेळाडू प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात असेल, आणि चेंडूच्या व शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पलीकडे, गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर तो ऑफसाइड ठरतो. तेथून त्याने खेळात भाग घेतल्यास पंच खेळ थांबवितात. शेवटून पहिला प्रतिस्पर्धी बहुधा गोलरक्षक असतो, दुसरा बचावफळीतील. म्हणून चौघी एका ओळीत वेळेवर एक पाऊल पुढे सरकल्या की हल्ला करणारी आपोआप नियमाच्या कात्रीत सापडते; आणि चौघींपैकी एकजण जरी मागे रेंगाळली तरी सारी ओळ फुकट जाते. हे तोंडी सांगून मुलांना कळत नाही. पटांगणात दोनदा करून पाहिले की लगेच कळते.

ओळीच्या मध्यभागी जी उभी राहते तिला सर्व मैदान समोर दिसते. इतरांनी केव्हा सरकावे हे तिने ओरडून सांगावयाचे असते. रेनार यांची जागा हीच. उंची १ मीटर ८७ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट दीड इंचाहून किंचित अधिक. महिला फुटबॉलमध्ये ही उंची दुर्मीळ. हवेतून आलेला चेंडू डोक्याने परतविण्यात त्यांची बरोबरी करणारी खेळाडू मिळणे कठीण. हीच उंची दुसऱ्या टोकासही उपयोगी पडे. आपल्या संघाला कॉर्नर किक मिळाली की बचावफळी सोडून त्या प्रतिपक्षाच्या गोलासमोर जात आणि डोक्याने चेंडू आत ढकलून पुन्हा आपल्या जागी धावत येत. राष्ट्रीय संघासाठी त्यांनी दीडशेहून अधिक सामने खेळून तीसहून अधिक गोल केले आहेत. बचावपटूच्या नावावर इतके गोल सहसा नसतात.

ल्योंच्या संघाने २००७ ते २०२० अशी सलग चौदा वर्षे फ्रान्सचे अजिंक्यपद राखले. रेनार या चौदाही वर्षे संघात होत्या. युरोपातील क्लबांच्या अजिंक्यपदाची स्पर्धा, जिला आता महिला चॅम्पियन्स लीग म्हणतात, तिची कथा जरा निराळी. २०१० साली अंतिम सामन्यात जर्मनीच्या पोट्सडॅम संघाकडून ल्यों पेनल्टी किकांवर हरले. पुढच्याच वर्षी, २६ मे २०११ रोजी, लंडन येथे तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. या वेळी पहिला गोल रेनार यांनीच केला आणि ल्यों २–० असे जिंकले. त्यानंतर २०१२, पुढे २०१६ ते २०२० सलग पाच वर्षे, आणि मग २०२२. एकूण आठ वेळा. यांपैकी २०१६ पासूनच्या विजयांत संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे होते. वर्षांची ही माळ मुलांकडून पाठ करून घेण्याचे कारण नाही. एकच गोष्ट लक्षात आणून द्यावी : एवढ्या काळात संघाचे प्रशिक्षक बदलले, आघाडीच्या खेळाडू आल्या व गेल्या, परंतु ज्या संघाने सोळाव्या वर्षी ठेवून घेतले तो त्यांनी सोडला नाही.

राष्ट्रीय संघात त्यांचा प्रवेश २०११ साली झाला. त्या वर्षी जर्मनीतील विश्वचषकात आणि पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला चौथे स्थान मिळाले. पुढे कर्णधारपद मिळाले, २०१७ मध्ये नव्या प्रशिक्षिका कोरिन दियाक्र यांनी ते काढून आमांदीन आंरी यांच्याकडे दिले, आणि २०२१ मध्ये ते परत मिळाले. पद गेले असतानाची त्यांची कामगिरी मात्र पाहण्यासारखी आहे, आणि वर्गात सांगण्यासही तीच उत्तम.

२०१९ चा विश्वचषक फ्रान्समध्येच भरला. ७ जून रोजी पॅरिस येथे दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला सामना. फ्रान्सने तो ४–० असा जिंकला. त्यांतील दोन गोल रेनार यांनी डोक्याने केले. दुसऱ्या दिवशी देशभर त्यांचे नाव. पाचच दिवसांनी नीस येथे नॉर्वेशी सामना झाला. बाजूने आलेला एक चेंडू दूर मारण्यासाठी त्यांनी पाय पुढे केला, आणि तो चेंडू त्यांच्याच गोलात गेला. यास स्वयंगोल म्हणतात. बचावपटूच्या कामातील हा सर्वांत बोचरा भाग होय. आघाडीच्या खेळाडूचे दहा प्रयत्न वाया गेले तरी अकराव्याने सारे भरून निघते. शेवटच्या ओळीतल्या खेळाडूची एकच चूक फलकावर आकड्याने लिहिली जाते. तो सामना फ्रान्सने २–१ असा जिंकला, हे खरे. पण तो स्वयंगोल झाल्यानंतर जवळजवळ अर्ध्या तासाहून अधिक खेळ शिल्लक होता, आणि तो सर्व वेळ त्यांस त्याच जागी उभे राहून पुन्हा तसेच चेंडू अडवावयाचे होते. त्यापुढचा सामना रेन येथे नायजेरियाशी. पेनल्टी किक मारण्यास रेनारच पुढे आल्या. चेंडू खांबावर आपटून बाहेर गेला. परंतु किक मारली जाण्यापूर्वीच गोलरक्षिकेने रेषा सोडल्याचे आढळल्याने पंचांनी ती पुन्हा मारण्यास सांगितले. दुसऱ्या खेपेसही त्याच पुढे आल्या, आणि या वेळी गोल झाला. फ्रान्स १–० ने विजयी. नियमाने मिळालेली ही संधी नायजेरियाच्या खेळाडूंस अन्यायाची वाटली असल्यास नवल नाही. वर्गात कोणी तसे म्हटले तर त्यास गप्प बसवू नये. पुढे उपान्त्यपूर्व फेरीत २८ जून रोजी अमेरिकेने फ्रान्सला २–१ असे हरविले. फ्रान्सचा तो एकमेव गोलही रेनार यांच्याच डोक्याचा.

आता पाठातील कठीण भाग. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी, विश्वचषकास पाच महिने उरले असता, कर्णधार रेनार यांनी जाहीर केले की संघाची जी व्यवस्था चालू आहे तिला आपण यापुढे साथ देऊ शकत नाही, आणि आपल्या मनःस्वास्थ्यासाठी आपण राष्ट्रीय संघातून बाजूस होत आहो. त्यांच्यामागून कादिदियातू दियानी व मारी-आंत्वानेत कातोतो या दोघींनीही तसेच जाहीर केले. देशासाठी खेळणे हा सर्वोच्च मान, असे आपण मुलांना शिकवितो. मग कर्णधाराने तो मान स्वतः खाली ठेवावा हे कसे? काहींस हे कर्तव्यच्युती वाटले. आमचे मत निराळे आहे. जी व्यक्ती सोळा वर्षे कुरकुरीवाचून शेवटच्या ओळीत उभी राहिली, तिचे म्हणणे महासंघाने तत्काळ ऐकून घेतले, यात आश्चर्य वाटू नये. ९ मार्च रोजी दियाक्र यांना पदावरून दूर करण्यात आले. संघातील बिघाड आता दुरुस्त होण्यापलीकडे गेला आहे, असे महासंघाने त्या वेळी सांगितले. नवे प्रशिक्षक एर्व्हे रेनार आले. आडनाव तेच असले तरी दोघांचे नाते नाही, हे मुलांना आधीच सांगावे, अन्यथा प्रश्न येणारच. त्यांच्या काळात रेनार संघात परतल्या व पुन्हा कर्णधार झाल्या.

२९ जुलै २०२३. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहर. ब्राझीलविरुद्ध सामना १–१ असा अडलेला. ८३ व्या मिनिटास सेल्मा बाशा हिने कॉर्नर किक मारली. एवढी उंच खेळाडू पलीकडच्या खांबापाशी एकटी सुटलेली ब्राझीलच्या बचावफळीच्या ध्यानी आली नाही. रेनार यांनी चेंडू डोक्याने आत घातला, आणि फ्रान्स जिंकले. बचावपटूंच्या विसरण्यामुळे एका बचावपटूने केलेला हा गोल पटांगणातील त्याच आखणीवर मुलांना करून दाखविता येईल. त्या स्पर्धेत फ्रान्सला उपान्त्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाने पेनल्टी किकांवर हरविले.

या दीर्घ कारकिर्दीत राष्ट्रीय संघाला विश्वचषक, युरोपचे अजिंक्यपद वा ऑलिंपिक पदक यांपैकी काहीही मिळाले नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मायदेशातच, ब्राझीलकडून १–० असा पराभव झाला. २०२५ च्या युरोपीय स्पर्धेसाठी प्रशिक्षक लोराँ बोनादेई यांनी निवडलेल्या संघात रेनार यांचे नाव नव्हते; तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. क्लबासाठी आठ युरोपीय करंडक आणि देशासाठी यांपैकी एकही नाही, असा हा जमाखर्च आहे. तो लपवून पाठ गोड करू नये. मुले पाठातील अशी जागा बरोबर ओळखतात आणि मग उरलेल्या भागावरही त्यांचा विश्वास राहत नाही.

वाचन झाल्यावर पुढील तासास प्रश्नोत्तरे घ्यावीत. चार बचावपटूंपैकी एक मागे राहिली तर काय होईल. नॉर्वेच्या सामन्यात स्वयंगोल झाल्यावर तुम्ही त्या जागी असता तर पेनल्टी किक मारण्यास पुढे आला असता काय. क्लेरफोंतेनहून रेनार थेट घरी परतल्या असत्या तर. असे प्रश्न विचारावेत व उत्तर बरोबर की चूक असा शेरा न देता ते ऐकावे. पटांगणातील खेळ मुलामुलींचे मिश्र संघ करूनच घ्यावा. शेवटी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर मोठेपणी काय होणार ते लिहून घ्यावे. या चिठ्ठ्या वर्गात मोठ्याने वाचू नयेत. एखाद्या चिठ्ठीत आपणांस अपरिचित असा व्यवसाय आढळल्यास त्या मुलास किंवा मुलीस लगेच उत्तर देऊ नये. केंद्रशाळेच्या ग्रंथालयात किंवा अन्य साधनांनी त्याविषयी जी माहिती मिळेल ती मिळवून पुढील शनिवारी त्यास स्वतंत्रपणे सांगावी, आणि चिठ्ठी त्याच्या नोंदवहीत चिकटवून ठेवावी.